स्वादुपिंडाचा सांधा



स्वादुपिंडाच्या डोक्याशीं कर्करोग झाला, म्हणजे शस्त्रवैद्य तें डोकें, त्यास बिलगलेला लहान आंतड्याचा आरंभींचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा तुकडा एकत्र काढून टाकतात. या शस्त्रक्रियेस न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांचें नांव मिळालें. त्यांनीं ती १९३५ सालीं प्रसिद्ध केली. बर्लिनच्या वॉल्थर काउश यांनीं तिच्यासारखीच शस्त्रक्रिया १९०९ सालींच केली होती. नांव मात्र मागून येणाऱ्याचें झालें!

कापणें अवघड खरें, पण उरलेली ग्रंथि पुन्हा जोडणें अधिक अवघड. तिचा रस मांसही पचवितो. तो टांक्यांतून पोटांत झिरपला, तर पू होतो, रक्तवाहिनी कुरतडली जाते, प्रसंगीं रोगी दगावतो. रोगानें टणक झालेल्या ग्रंथींत टांका धरतो. लोण्यासारख्या मऊ ग्रंथींत तो धरत नाहीं. नलिका बारीक असली, तर मग बोलावयासच नको.

हा सांधा आंतड्याशीं करावा कीं जठराशीं? जठराचे कैवारी म्हणतात, तें ग्रंथीच्या अगदीं पुढेंच असतें, त्याची भिंत जाड असते, आणि तेथील आम्लांत हा रस जागृत होत नाहीं. युक्तिवाद सुंदर आहे. परंतु मी जन्मभर गणित शिकविलेला मास्तर. मला आंकडे पाहावेसे वाटतात.

बाल्टिमोर येथें १९९५ सालीं १४५ रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. गळती जठराच्या पक्षीं शेंकडा १२.३, आंतड्याच्या पक्षीं ११.१. म्हणजे बरोबरीच. बेल्जममध्यें २०१३ सालीं ३२९ रोग्यांत जठर ८ व आंतडें १९.८, जठराचा जय झाला असें वाटलें. पुढें २०१६ सालीं जर्मनींतील ३२० रोग्यांत अनुक्रमें २० व २२ निघाले, शिवाय जठराच्या बाजूस रक्तस्राव अधिक. असा हा लंबक हालतो आहे.

खरी तफावत दुसरीकडेच दिसते. अमेरिकेंतील वृद्ध रोग्यांच्या २००२ सालच्या अभ्यासांत, ही शस्त्रक्रिया क्वचितच होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यु शेंकडा सुमारें १६ होते; वर्षास सोळांहून अधिक करणाऱ्या रुग्णालयांत चारांहून कमी. तेव्हां ज्या घरावर हा प्रसंग येईल, त्यानें सांध्याची रीत विचारण्यापूर्वीं येथें वर्षांत किती होतात, आणि रात्रीं रक्तस्राव झाल्यास तो थांबविणारा कोण हजर असतो, हें विचारावें.

शस्त्रक्रियेनंतर पोटांतून एक नळी बाहेर काढलेली दिसेल. तिसऱ्या दिवसापासून तिच्यांतील द्रवांत अमायलेज रक्तांतल्यापेक्षां तिपटीहून अधिक आढळलें, तर वैद्य गळतीची शंका घेतात.