आवाजाची घडी

(अजिंठा येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



अजिंठ्यात बोलायचे तर आरंभ लेण्यांपासून व्हावा, हे ओघानेच आले. पण आज चित्रांच्या नव्हे, त्यांच्या प्रतिकृतींच्या दैवाची आठवण करायची आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी कामाला लागले. त्यांच्याही कित्येक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. प्रत एकच, आणि तीही परक्याच्या घरात!

संगणकाच्या जगात यावर उपाय निघाला, तो मुक्त-स्रोत आज्ञावलीचा. तिची संहिता सर्वांना खुली असते. कोणीही ती उतरवून घ्यावी, तपासावी, सुधारावी. आजचा विषय त्यातल्या एका शाखेचा आहे : मानवी बोलण्याची लहानात लहान घडी घालणे.

दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज अंकांत मांडण्यासाठी सेकंदाला ८,००० नमुने घेतात. प्रत्येकाला १६ बिट दिले, तर १,२८,००० बिट होतात. जुन्या जीएसएम मोबाईलने ते १३,००० वर आणले. कसे? पुरणपोळी टपालाने न धाडता तिची कृती धाडावी, तसे. मुखाचा आकार कसा होता आणि कंठातून निघालेला आवाज थोडक्यात कसा होता, एवढेच पाठवायचे. पलीकडचे यंत्र त्यावरून आवाज नव्याने रांधते.

या शास्त्राच्या पायाभरणीत एक भारतीय नाव अग्रभागी आहे. कानपूरला जन्मलेले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले. १९८५ साली त्यांनी मान्फ्रेड श्रोडर यांच्यासह मांडलेली ‘सेल्प’ पद्धत आरंभी क्रे महासंगणकालाही जड गेली. एका सेकंदाच्या बोलण्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागे. आज तिचे वंशज खिशातल्या फोनमध्ये चालतात.

पण यातील अनेक पद्धती पेटंटच्या कुलपात होत्या. त्याला उत्तर म्हणून ज्याँ-मार्क व्हॅलँ यांची मुक्त ‘स्पीक्स’ २००३ मध्ये पूर्णत्वाला आली. २०१२ मध्ये ‘ओपस’ प्रमाणित झाली. व्हॉट्सअॅपवर आजीचा निरोप येतो तो याच ‘ओपस’मधून.

त्याहून चिंचोळी वाट हॅम रेडिओची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हे हौशी रेडिओचालक मदतीला धावले होते, हे मराठवाड्याने विसरू नये. पुढे त्यांच्या रेडिओत अंकीय आवाज आला, पण एका कंपनीच्या बंदिस्त चिपमधून. प्रयोग करण्यासाठीच ज्यांना परवाना मिळतो, त्यांनाच आत डोकावण्याची मनाई! ऑस्ट्रेलियाचे अभियंते डेव्हिड रो यांनी म्हणून ‘कोडेक टू’ खुली लिहिली. तिला सेकंदाला ३,२०० पासून अवघ्या ७०० बिटांपर्यंत पुरते.

खरी गंमत आणि खरी अडचण येथेच आहे. एवढी लहान घडी घालताना आवाजाच्या प्रत्येक तुकड्याला एकच कौल मिळतो : घोष की अघोष. आपले घ, झ, ढ, ध, भ मात्र एकाच वेळी दोन्ही आहेत. त्यांत नादही आहे आणि श्वासही. आपल्या प्रातिशाख्यकारांनी ही तिसरी अवस्था स्वतंत्रपणे नोंदवून ठेवली आहे. इंग्रजीला तिची गरज नाही, म्हणून एका बिटावर तिचे भागते. मराठीत नाद राखला तर श्वास हरवण्याचा धोका, आणि मग ‘घडी’चा ‘गडी’ व्हायला वेळ लागणार नाही.

यावर तक्रार करीत बसण्याचे कारण नाही, कारण संहिता खुली आहे. आकारांचा जो ध्वनिकोश ती वापरते, तो घडविणाऱ्या छोट्या आज्ञावल्याही तिच्यासोबत मिळतात. छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दोन-चार विद्यार्थ्यांनी मराठी बोलणे ध्वनिमुद्रित करून तो कोश पुन्हा घडवावा. कोणाच्या परवानगीची गरज नाही. मुद्रण मात्र वृत्तनिवेदकाचे नको. शेतावरचा, बाजारातला, दात पडलेल्या आजोबांचा आवाज हवा.

आणि एका बिटाऐवजी श्वासाला थोडी जागा द्यावी लागेल. ती कोठून काढायची, हा कसोटीचा प्रश्न. इंग्रजीसाठी जोडशब्दांची श्रवणचाचणी अनेक वर्षे वापरात आहे. तशी मराठी यादी करणे एका संध्याकाळचे काम : दार-धार, बार-भार, गडी-घडी. एकाने यंत्रासमोर वाचावे, दुसऱ्याने पलीकडच्या खोलीत ऐकू येईल तसे लिहावे, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत.