घडणारा मेंदू आणि प्रथिनांची वेळ



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी उंदराच्या मेंदूचा विषय कशाला, असे काहींना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गणरायाच्या या वाहनाने शैशवाविषयी जे ज्ञान दिले, ते प्रत्येक आईबापाच्या कानी पडावे, या हेतूने आम्ही तो निवडला आहे.

शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा संच सारखाच असतो. कोणत्या जनुकाने केव्हा आपले प्रथिन घडवावे, यावर पेशीचे कार्य ठरते. उंदराचा गर्भवास सुमारे वीस दिवसांचा. त्यातील अकराव्या दिवसाच्या सुमारास मेंदूच्या बाह्यपटलातील चेतापेशी जन्मू लागतात. त्यांच्या जननी-पेशींत नेस्टिन हे प्रथिन विपुल असते. नवी पेशी आपल्या थराकडे प्रवासाला निघाली, की नेस्टिन ओसरते आणि डबलकॉर्टिन वाढते. पेशी स्थिरावून प्रौढ झाली, की तेही मागे पडते.

हा क्रम केवळ आतूनच ठरतो असे मात्र नाही. जन्मानंतर चेतापेशींच्या सांध्यांतील एनएमडीए ग्राहकाचा एक घटक हळूहळू मागे सरतो आणि दुसरा त्याची जागा घेतो. उंदराचा मोठा चुलतभाऊ जो रॅट, त्याची पिले अंधारात वाढविली असता दृष्टिकेंद्रातील हा पालट लांबतो. प्रकाशात आणताच काही तासांत तो वेग घेतो.

ह्यूबेल आणि वीझल यांनी १९६३ साली मांजराच्या पिलांचा एक डोळा बंद ठेवून पाहिले. तो उघडल्यावरही मेंदूतील पेशी त्याला क्वचितच प्रतिसाद देत. प्रौढ मांजरांत तसे घडले नाही. उंदरात हा नाजूक काळ चौथ्या आठवड्याच्या सुमारास ऐन भरात असतो. हेन्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविले, की गाबा हे रसायन बनविणारे जीएडी-६५ प्रथिन ज्या उंदरांत नसते, त्यांच्यात एक डोळा मिटूनही हा बदल होत नाही; गाबाचा प्रभाव वाढविणारे औषध दिल्यास होतो.

परमुलखात आपल्या मुलांची मराठी टिकेल काय, ही आपणा सर्वांची चिंता. तिचे उत्तर उंदराकडे मागणे योग्य नव्हे. दृष्टीची गोष्ट मात्र निराळी. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाच्या मेंदूलाही प्रकाश वेळेवर मिळावा लागतो. शस्त्रक्रिया लांबली, तर डोळा स्वच्छ होऊनही दृष्टी अधू राहण्याचा धोका असतो. उशिरा उपचार झालेल्यांनाही काही लाभ होतो, हे खरे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सांगणारी आजी नसते. म्हणून आमची विनंती एवढीच, की बाळाच्या बाहुलीत पांढुरकी झाक दिसल्यास 'थोडे मोठे होऊ दे' असे म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.