लॅपटॉप घ्यायचा, पण लयीचा

(गणेशोत्सवात सभासदांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या संगीत विभागातल्या मुलांना रंगमंचावर लूपिंग करायचे आहे. त्यासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा, एवढाच आजचा विषय. पैसा वर्गणीचा आहे, म्हणून हा प्रश्न सर्वांसमोर आला ते बरेच झाले.

लूपिंग म्हणजे काय, ते ज्येष्ठांसाठी आधी सांगतो. गायकाने तोंडाने एक ठेका म्हटला, यंत्राने तो टिपला आणि लगेच फिरता ठेवला. त्यावर टाळ वाजवले, तेही फिरू लागले. मग स्वराचा एक थर, त्यावर दुसरा. माणूस एकटा, पण साथ समूहाची. ही कल्पना आपल्याला परकी नाही. एकल तबलावादनात पेटीवर लेहरा धरतात, तोही असाच आवर्तनामागून आवर्तन फिरत असतो. इथे तो यंत्र धरते.

आता दुकानात गेलात की साठवण किती, मेमरी किती, ग्राफिक्स कार्ड कोणते, हे आकडे ऐकवतील. आपल्याला विचारायचे आहे वेगळेच: आवाज आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत किती वेळ लागतो?

संगणक आवाजाचे सेकंदाला साधारण ४८,००० नमुने घेतो आणि ते गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांहून किंचित कमी वेळ. जाताना एक, येताना एक, शिवाय रूपांतराला थोडा. एकूण सातआठ मिलिसेकंद धरा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे साथीदार अडीच मीटरवर बसल्यासारखे झाले. बैठकीत एवढे अंतर असतेच. पण लॅपटॉपला भार झेपेना म्हणून बफर १,०२४ करावा लागला, तर जाऊन येऊन ४३ मिलिसेकंद होतात. साथीदार जवळजवळ पंधरा मीटर लांब गेला! तिथून समेवर येऊन दाखवा.

म्हणून परीक्षा अशी: मुलांचे सगळे थर आणि सगळे इफेक्ट चालू असताना लहान बफरवर आवाज तुटता कामा नये. यासाठी प्रोसेसरचा एकेक कोर वेगवान हवा, कारण एका ट्रॅकवरची इफेक्टची साखळी बहुधा एकाच कोरवर चालते. नुसती कोरची संख्या पाहून भुलू नका.

मेमरीचा हिशेब तर सोपा आहे. २४ बिटचा एक मिनिटाचा स्टिरिओ थर सुमारे १७ एमबी होतो. दहा थर झाले तरी पावणेदोनशे एमबीच्या आत. नुसत्या लूपिंगला १६ जीबी मेमरी आणि एसएसडी पुष्कळ झाली. ध्वनिमुद्रित वाद्यांचे मोठे संच वापरायचे असतील तरच ३२ जीबीचा विचार करा. महागडे ग्राफिक्स कार्ड या कामाला लागत नाही. उलट त्याने उष्णता वाढते, पंखा घोंघावतो आणि तो आवाज माइकमध्ये शिरतो.

मॅक की विंडोज? दोन्ही चालतात. मॅकमध्ये आवाजाची व्यवस्था मुळातच चांगली असते. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर लागतो. एबलटन लाइव्ह दोन्हीवर चालते, मेनस्टेज फक्त मॅकवर. आधी सॉफ्टवेअर ठरवा, त्याच्या कोणत्या आवृत्तीत लूपर आहे ते पाहा, मग यंत्र घ्या.

एकच विनंती, सगळा पैसा लॅपटॉपवर घालू नका. चांगला ऑडिओ इंटरफेस आणि पायाने चालवायचा पेडल यांची रक्कम आधी बाजूला काढा. हात पेटीवर असताना लूप सुरू करणार कोण? लॅपटॉप वापरलेला मिळाला तरी हरकत नाही, पण वाद्य घेताना करतो तसे करा: वाजवून पाहा. मुलांचा संपूर्ण कार्यक्रम त्यावर दोन तास चालवा, तोही उकाड्यात. चार्जर काढून पाहा, कारण काही लॅपटॉप बॅटरीवर मंदावतात. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घरघर येते का, तेही ऐका. कार्यक्रमाच्या वेळी वाय-फाय बंद ठेवा. ब्लूटूथ हेडफोन तर नकोच, त्यात आवाज फार उशिरा पोहोचतो. ज्याला केवळ गळ्याचे दोनतीन थर करायचे आहेत, त्याला साधा लूप पेडलही पुरेल, लॅपटॉपची गरज नाही.

शेवटी, काही ज्येष्ठांच्या मनातली शंका. यंत्र आले की तबलजी घरी बसणार का? मंडळी, लूपला एकदा दिलेली लय कळते, पण रंगलेला गजर हळूहळू चढतो तेव्हा तो आपणहून चढत नाही. गायक दमला म्हणून थांबत नाही. चार मात्रांवर लावून ठेवलेल्या सॉफ्टवेअरला रूपकाच्या सात मात्राही कोणीतरी सांगाव्याच लागतात. त्या सांगायला ताल अंगात मुरलेला लागतो. म्हणून लॅपटॉप घ्या, जरूर घ्या. आणि तो ज्यांच्या हाती द्याल, त्या मुलांना त्याच आठवड्यापासून आपल्या तबल्याच्या वर्गातही पाठवा.