शिरेतून जाणारं तेल

अतिदक्षता विभागात एखाद्या खाटेशेजारी दुधासारखं पांढरंशुभ्र सलाईन टांगलेलं दिसतं. नातेवाईक विचारतात, "दूध चढवताय का?" ते दूध नव्हे, तेल असतं, आणि बहुतेक वेळा सोयाबीनचं. अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनच्या मदतीनं त्याचे इतके बारीक कण केलेले असतात की ते रक्तात बिनधोक वाहतात. ज्याचं आतडं काम करत नाही, त्याला साखर, अमिनो आम्लं, क्षार आणि हे तेल असं सगळं जेवण शिरेतूनच द्यावं लागतं.

हे साधलं स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांना. त्यांचं इंट्रालिपिड १९६२ साली वापरात आलं. त्याआधी अमेरिकेत सरकीच्या तेलाचं असंच औषध निघालं होतं. पण ते घेणाऱ्यांना ताप यायचा, कावीळ व्हायची, म्हणून ते मागे घ्यावं लागलं.

कितीतरी वर्षं डॉक्टरांनी या तेलाकडे फक्त उष्मांक म्हणून पाहिलं. वीस टक्के तेलाच्या सलाईनमध्ये दर मिलीलिटरला दोन कॅलरी, एवढा हिशेब. पण शरीर हे तेल नुसतं जाळत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींची आवरणंही त्यातूनच घडतात. सोयाबीनच्या तेलात निम्म्याहून जास्त असतं लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-सहा. त्यापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल, आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन हे निरोप्ये तयार होतात. ताप, सूज, ठणका ही त्यांची कामं. अ‍ॅस्पिरिन घेतली की याच साखळीची एक कडी अडते. माशाच्या तेलातली ओमेगा-तीन आम्लं पेशीच्या आवरणात तीच जागा पटकावतात, पण त्यांच्यापासून निघणारे निरोप पुष्कळ सौम्य असतात. शिवाय दाह आवरता घेणारी रेझॉल्विनसारखी द्रव्यंही त्यांच्यापासूनच बनतात.

दाह वाईटच, असं मात्र समजू नका. त्याच्यावाचून जंतू मरत नाहीत, जखम भरत नाही. बिघडतं ते तो आटोपत नाही तेव्हा.

दुसरी गोष्ट वेगाची. यकृतात जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, त्या तेलाचे कणही गिळतात. तेल भराभर सोडलं तर त्या त्यातच गुंततात आणि जंतू मोकळे राहतात. म्हणून नवजात बाळाला हे तेल सिरिंज पंपानं चोवीस तास हळूहळू देतात आणि मधूनमधून रक्तातले ट्रायग्लिसराइड्स तपासतात. नळीतलं रक्त स्थिरावल्यावर वरचा पिवळसर द्रव दुधाळ दिसला, तर समजायचं, तेल पचत नाहीये.

मग तेल बंदच का करू नये? १९९७ साली अमेरिकेत अपघातातल्या जखमींना पहिले दहा दिवस तेल न देऊन पाहिलं, आणि त्यांना जंतुसंसर्ग कमी झाला. पण त्यांना एकूण उष्मांकही कमीच मिळाले होते, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते ठरेना. तिथल्या तज्ज्ञांनी २०१६ साली पहिला आठवडा सोयाबीन तेल टाळायला सांगितलं, २०२२ साली ते बंधन सैल केलं. आणि तेल अजिबात दिलं नाही, तर काही आठवड्यांत कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघतात. कमी दिवसांच्या बाळात ही कमतरता काही दिवसांतच येते.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते बॉस्टनच्या बालरुग्णालयातलं काम. आतडं निकामी झालेली बाळं शिरेतल्या जेवणावर जगत, आणि त्याच जेवणानं त्यांचं यकृत खराब होई. तिथल्या मार्क पुडर आणि कॅथलीन गुरा यांच्या गटानं अशा दोन बाळांचं सोयाबीन तेल थांबवून माशाचं तेल दिलं. कावीळ ओसरली. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. यश निव्वळ ओमेगा-तीनचं म्हणता येत नाही: तेलाची मात्रा कमी होती, आणि पित्ताची वाट अडवणारी सोयाबीनमधली वनस्पतिजन्य स्टेरॉल माशाच्या तेलात जवळजवळ नसतात. तरी बाळं सुधारली, हे खरं. अमेरिकेत या तेलाला रीतसर परवानगी मिळायला २०१८ साल उजाडलं. तोवर डॉक्टर ते खास संमती काढून युरोपातून मागवत.

आता सोयाबीन, ऑलिव्ह, खोबरेल तेलातली मध्यम साखळीची आम्लं आणि मासा यांचं मिश्रणही मिळतं. ते महाग पडतं. पण ज्या बाळाला महिनोन्‌महिने शिरेतूनच जेवायचं आहे, त्याच्यासाठी तो खर्च टाळू नये, असं माझं ठाम मत आहे.