आधी ताईंना झाडीत न्या

आजचा भाग मुलांबद्दल नाही, मुलांना सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल आहे. बालवाडीच्या ताई, मदतनीस, पाळणाघर चालवणाऱ्या काकू, तुम्ही ऐकताय ना? मग तुमच्यासाठीच.

मी इंग्लंडमध्ये एका नर्सरीत काम करते. तीन ते पाच वर्षांची मुलं. दर मंगळवारी आम्ही त्यांना जवळच्या झाडीत घेऊन जातो. ‘वुडलँड’ म्हटलं म्हणून लगेच ताडोबा डोळ्यांसमोर आणू नका! ओक, हेझल, होलीची झाडं, मधून एक पायवाट, कुत्री फिरवायला आलेली माणसं. बस्स, एवढंच. तरीही पहिल्या वर्षी सोमवारी रात्रीच माझ्या पोटात गोळा यायचा. मी डोंबिवलीत वाढलेली. झाड म्हणजे सोसायटीतला गुलमोहर, आणि त्याच्याखाली उभी स्कूटर.

मला वाटायचं, माझ्या इथल्या सहकारी मुली अशा झाडीतच वाढल्या असणार. कसलं काय! त्यांनाही कोळ्याची भीती, चिखलाची भीती, आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे मुलानं विचारलं ‘हे काय आहे?’ आणि आपल्याला आलं नाही तर?

खरं तर हे सगळं इकडे सुरू झालं तेच नर्सरीत काम करणाऱ्यांमुळे. १९९३ साली सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजची बालसंगोपन शिकणारी मंडळी डेन्मार्कला गेली. तिथे लहान मुलं दिवसच्या दिवस बाहेर खेळताना पाहिली आणि परत येऊन आपल्या कॉलेजच्या पाळणाघरातल्या मुलांबरोबर तसंच सुरू केलं. त्याला पुढे ‘फॉरेस्ट स्कूल’ म्हणायला लागले. म्हणजे आधी मोठ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, मग मुलांना नेलं. हा क्रम आमच्या नर्सरीत उलटा झाला, आणि तिथेच गडबड झाली.

झालं काय, दुसऱ्याच महिन्यात निघायच्या आधी मुलं मोजली तर सातच. आठवा पोरगा गायब. त्या दिवशी माझी एक सहकारी पुढाकार घेत होती. तिचा चेहरा मला आजही दिसतो. दोन मिनिटं झाली असतील, फार तर. पोरगा एका पडलेल्या ओंडक्यामागे पालथा पडून भुंगा बघत होता. हाक ऐकू आली होती त्याला, पण भुंगा जास्त महत्त्वाचा! त्याला काही झालं नव्हतं. झालं ते तिला. संध्याकाळी म्हणाली, ‘मी परत नाही येणार. आणि मला इथली नोकरीही नको.’

वरिष्ठांनी काय केलं? धोक्यांचा तक्ता आणखी चार पानांनी वाढवला आणि तिला सही करायला दिला. वाईट हेतूनं नाही हं. पण घाबरलेल्या माणसाला धोक्यांची यादी वाचायला देणं म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

मग आम्ही दोघींनी ठरवलं, मुलांशिवाय जायचं. तीन दुपारी गेलो. थर्मासमध्ये चहा, डब्यात थेपले. एकदा तर मस्त पावसात बसलो. मोबाइलला रेंज कुठे येते, कुठल्या मुळांवरून पाय घसरतो, काटेरी ब्रँबल कुठपर्यंत आलंय, गाडी कुठपर्यंत आणता येते, हे सगळं तेव्हा कळलं. तक्त्यात यातलं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती तिथे नुसती गप्प बसली होती, आणि तिचे खांदे खाली आलेले मला दिसले.

झाडंही फक्त पाच शिकलो. ओक, हेझल, होली ही तीन ओळखीची. हात लावला की आग करणारं नेटल आणि विषारी फॉक्सग्लोव्ह ही दोन लांब ठेवायची. पन्नास नावांचं पुस्तक घेऊन बसलो असतो तर पन्नास ठिकाणी घाबरलो असतो.

मग मुलांबरोबर. तिच्याकडे फक्त दहा मिनिटं दिली. हद्दीच्या झाडांना लाल फिती बांधायच्या आणि मुलांबरोबर ‘एक-दोन-तीन, कुठे आहेस?’ हा खेळ खेळायचा. हाक आली की जिथे असाल तिथून ओरडून उत्तर द्यायचं. रोज खेळायचं, नर्सरीच्या अंगणातसुद्धा, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो सवयीचा झालेला असतो. बाकीचा वेळ मी सांभाळायचे. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं. इकडे तीन वर्षांवरच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस हा नियम आहे, पण झाडीत आम्ही त्याहून जास्त माणसं नेतो. जोरदार वारा असला की जायचंच नाही, कारण फांद्या पडतात. पाऊस चालतो, वारा नाही. असा एक साधा, ठाम नियम असला की रोज सकाळी छातीत धडधड होत नाही.

आणि तक्ता? तो आम्ही उलटा लिहिला. आधी मुलाला यातून काय मिळणार ते, मग धोका, मग त्यावर उपाय. ओंडक्यावर चढणं: तोल सांभाळायला शिकतं, पडू शकतं, ओंडका गुडघ्याइतकाच उंच निवडायचा. संपलं.

मे महिन्यात ब्ल्यूबेल फुलले तेव्हा तिनं पूर्ण सकाळ एकटीनं चालवली. मी मागे, नुसती मोजायला. एका मुलीनं विचारलं, कुठला पक्षी ओरडतोय? ती म्हणाली, ‘मला नाही माहीत. गप्प बसून ऐकूया का?’ आणि आठही पोरं गप्प बसली. अहो, नर्सरीत हे होत नाही कधी!

पालकांचं म्हणाल तर चिखलाच्या कपड्यांपेक्षा सर्दीचे फोन जास्त. आणि हो, त्यात आपले देशी आईबाबा पुढे. मी त्यांनाच एका मंगळवारी सोबत बोलावते.

आता तिकडचं. तुम्ही म्हणाल, हे इंग्लंडचं कौतुक आम्हाला कशाला? पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काय केलं? मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. बाहेर शिकवणं आपल्याला परकं नाही.

फक्त इकडचं जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडे साप आहे, विंचू आहे, मे महिन्याचं ऊन आहे. पावसाळ्यात वाढलेल्या गवतात मुलांना सोडू नका. सकाळी लवकर, साफ केलेल्या एकाच झाडाखाली, दर आठवड्याला तीच जागा. आणि एक गोष्ट करून बघा. बऱ्याच अंगणवाड्यांत मदतनीस त्याच गावच्या असतात. कुठल्या बांधावर काय निघतं, कुठल्या झाडाचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, हे त्यांना पाठ असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही. पहिली दहा मिनिटं त्यांना द्या. सेविकाताईंनी मागे उभं राहून मुलं मोजावीत.