दुकानाची मांडणी आणि घरचे आरोग्य

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची भाषणे झाली. मी विद्वान नव्हे; चाळीस वर्षे तागडी हाती धरलेला किराणा व भुसार मालाचा दुकानदार आहे. चिटणिसांनी आरोग्यावर बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा मी म्हणालो की, आरोग्यावर वैद्यांनी बोलावे. ते दुकानात कसे गमावले जाते, एवढे मात्र मला सांगता येईल. गल्ल्यावर बसणारे आणि गल्ल्यापुढे उभे राहणारे, दोन्ही पक्ष आज या मंडपात आहेत. दोघांनाही उद्देशून बोलतो.

माझ्या वडिलांच्या काळी गृहिणी डबे उघडून पाही, संपले असेल ते कागदावर लिही, आणि ती यादी मुलाच्या हाती दुकानात येई. माल फळीच्या मागे, गिऱ्हाईक फळीच्या पुढे. काय घ्यावयाचे याचा निर्णय स्वयंपाकघरात झालेला असे. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने माल उचलावा, ही पद्धत 1916 साली अमेरिकेतील मेम्फिस शहरी क्लॅरेन्स साँडर्स या गृहस्थांनी आपल्या दुकानात सुरू केली. कालांतराने ती आपल्याकडेही रुळली. दहा वर्षांपूर्वी मीही मधली फळी काढून टाकली. विक्री वाढली, हे प्रांजळपणे सांगतो. परंतु वाढली कशाची? तांदूळ, डाळ, ज्वारी यांची नव्हे. कुटुंबांची पोटे काही मोठी झाली नव्हती. वाढली ती बिस्किटांची, वेफरची आणि गोड पेयांची. हे जिन्नस यादीत नव्हतेच. हाताला लागले म्हणून घरी गेले. आणि ते हाताला लागावेत, अशीच मी त्यांची जागा योजली होती. गल्ल्याच्या शेजारी, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर! त्या जागेबद्दल माल पुरविणारे मला वेगळे पैसे देत.

गेल्या वर्षी माझ्या वहिनींना मधुमेह असल्याचे निघाले. डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “साखर तर केव्हाच सोडली. चहाबरोबर चार पौष्टिक बिस्किटे तेवढी खाते, तीही भावोजींच्या दुकानातली.” मी शेजारीच उभा होतो. घरी येऊन तो पुडा आयुष्यात प्रथमच उलटा करून वाचला. दर्शनी बाजूस गव्हाच्या ओंब्यांचे चित्र; मागे पहिले नाव मैद्याचे, दुसरे साखरेचे, तिसरे पाम तेलाचे. गव्हाचा कोंडा पार खाली. हजारो पुडे विकले; वाचला एकही नव्हता.

भगिनींनो, कायद्याप्रमाणे घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. म्हणून पहिली तीन नावे वाचली तरी वस्तूचे कूळ कळते. मीठ मात्र ‘सोडियम’ या नावाने येते. त्याची अडीचपट केली की मिठाचे वजन निघते. 100 ग्रॅम शेवेत 800 मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर मीठ झाले 2 ग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसभरात 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते. पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांवर भिस्त ठेवू नये. ‘आरोग्यपेय’ या सदराखाली विकल्या जाणाऱ्या पेयांना त्या सदरातून वगळावे, असे केंद्र शासनाला एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवावे लागले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटींहून अधिक अंदाजिली आहे. आपल्या ज्ञातीतील घरे यातून सुटली असतील, असे मला वाटत नाही.

आता दुकानदार बंधूंकडे वळतो. वहिनींच्या त्या प्रसंगानंतर मी गल्ल्याशेजारचा खण रिकामा करून तेथे फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि नाचणीचे पीठ ठेवले. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात 10 मिलिग्रॅमही नसते. हे मी पाटीवर खडूने लिहून टांगले. वेफर मागणाऱ्यास वेफर मिळतात. पण ते आतल्या बाजूस, वरच्या फळीवर आहेत. मागितल्याविना ते कोणाच्या पिशवीत पडत नाहीत.

यात नुकसान नाही, असे मी म्हणणार नाही. जागेचे पैसे बंद झाले. फुटाण्यांवर तेवढी मिळकत सुटत नाही. माझा मुलगा म्हणाला, “बाबा, समोरच्या दुकानात तो खण भरलेलाच आहे. गिऱ्हाईक तिकडे जाईल, आणि खाणार तेच.” त्याचे म्हणणे खोटे नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या दुकानांत असे जिन्नस प्रवेशद्वाराशी व गल्ल्याशी मांडण्यास कायद्याने बंदी घातली. कायदा सर्वांना सारखा. एकट्याने पदरची झीज सोसावी लागत नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही. परंतु समोरचे ते दुकानही आपल्याच ज्ञातिबंधूचे आहे. संघाने ठराव करून एक तारीख ठरवावी आणि त्या दिवशी आपण सर्वांनी तो एक खण बदलावा, अशी माझी सूचना आहे. ठरावाचा मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे; अनुमोदकाची जागा कोरी ठेवली आहे.

दुकानातून सात-आठ पुडे बरोबर आणले आहेत. भोजनोत्तर ते मंडपाच्या दाराशी मेजावर मांडीन. मागची अक्षरे बारीक असतात, म्हणून भिंगही आणले आहे.