जहाजावरील खोलीची निवड

पुणेकर मनुष्य आंबे घेतांना पेटींतील प्रत्येक फळ हुंगून पाहतो. जहाजावरील खोली मात्र नुसता दर ऐकून ठरवितो. ऑक्टोबर २०१८ मध्यें मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' हें प्रवासी जहाज सुरू झालें आणि अशी निवड येथील कित्येक कुटुंबांपुढें उभी राहिली.

सत्तरीच्या आईवडिलांस सफरीस नेणाऱ्या चिरंजीवास सर्वांत वरची, सज्जा असलेली महाग खोलीच उत्तम वाटते. यांत प्रेम आहे, विचार नाहीं. लाटांवर जहाज तराजूच्या दांडीप्रमाणें हालतें. टोकें वरखालीं होतात, मध्य त्या मानानें स्थिर राहतो. शिवाय जितकें उंच जावें तितका झोल अधिक. ज्यांस बोट लागते त्यांस खालच्या मजल्यावरील मधली खोलीच मानवते, आणि तिचें भाडेंहि बहुधा कमी असतें.

पैसे भरण्यापूर्वीं जहाजाचा नकाशा मागवावा. खोलीच्या माथ्यावर नाचगाण्याचें दालन किंवा मुदपाकखाना नसावा. यंत्रांची घरघर दूर असावी. खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नसावी. गोव्यास जातांना किनारा व सूर्योदय डावीकडे, सूर्यास्त उजवीकडे, परततांना उलट. बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त, परंतु तींत पहाट झाल्याचें कळत नाहीं. रात्रीं उठणाऱ्या वृद्धानें विजेरी उशाशीं ठेवावी.

समुद्राचा देखावा वरच्या उघड्या मजल्यावर सर्वांस सारखाच मिळतो. शांत झोंप मात्र ज्याची त्यास आपल्या खोलींतच मिळावी लागते. म्हातारपणीं तिचें मोल अधिक.